तारप्याच्या सुराला लावलेला बेंजो

‘आवाज’ या विषयाचा विचार करताना मला मोखाड्याकडची हळदीची रात्र आठवली. तारप्यावर, वारल्यांच्या या फुंकून वाजवायच्या वाद्यावर, मराठीत बरंच लिहून झालंय. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे तारपावाल्याभोवती फिरणारं नाचाचं वेटोळं जगभर पोचलं. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण जव्हार, मोखाडा, खोडाळा या पट्ट्यातल्या लग्नात आज त्याच चाली पुष्कळदा बेंजोवर ऐकू येतात. आणि बेंजोवाल्याच्या पायाशी, सतरंजीवर, एक छोटी काळी पेटी असते. दोन-तीन पायबटणं, एक इवलासा पडदा, एका बाजूला पायाने दाबायचं पेडल. ती बनवलीय इलेक्ट्रिक गिटारसाठी. इथे गिटार कुणाकडेच नसते. पेटीला म्हणतात ‘प्रोसेसर’, आणि कंपनी कुठलीही असली तरी बरेच जण नुसतं ‘झूम’.

या पेटीबरोबर येणारं माहितीपुस्तक इंग्रजीत असतं आणि त्यात बेंजोचा उल्लेखही नसतो. तरी ती इथे नीट लावली जाते, अडली तर रात्री अकरा वाजता मांडवात उभी केली जाते. हे कसं जमतं, ते बघायला मी गेलो.

हळदीच्या मांडवात

खोडाळ्याच्या बाजूचा एक पाडा. मे महिना, दिवसभराचं ऊन अजून जमिनीतून वर येत होतं. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक. अंगणाच्या कडेला पिकअप गाडी लावलेली, तिच्या हौद्यात स्पीकरची चळत आणि घरामागे जनरेटर. बेंजो पार्टीत पाच जण होते. बेंजो, कीबोर्ड, पॅड, ढोलकी आणि एक गाणारा. पॅड म्हणजे ऑक्टोपॅड, रोलंडचा. त्याच्या रबरी चौकोनांत ढोलापासून टाळीपर्यंत सगळं भरून ठेवलेलं.

बेंजोवाला पंचविशीचा. दिवसा मोखाड्यात एका दुकानात काम करतो, लग्नसराईत सुपाऱ्या घेतो. त्याने पिन लावली, मिक्सरवरची पट्टी वर केली आणि स्पीकरमधून जाडसर भोंगा सुरू झाला. ‘हमिंग’. मांडवातली पोरं हसली. तो हसला नाही, घाबरलाही नाही.

त्याने काय केलं ते मी जवळ बसून पाहिलं. आधी बेंजोवरचा आवाजाचा खुंटा शून्यावर आणला. भोंगा तसाच. म्हणजे तारा आणि पिकअप सुटले. मग प्रोसेसरमध्ये आत जाणारी पिनच काढली. तरी भोंगा चालू. म्हणजे बेंजो आणि त्याची वायर, दोन्ही निर्दोष. मग पेटीत चार पेन्सिल सेल टाकून अडाप्टर उपसला. भोंगा गप्प. दोष विजेच्या वाटेने येत होता. सेल रात्रभर पुरणार नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून पिशवीतून मोबाइलची पॉवर बँक काढून यूएसबीच्या भोकात लावली. पडदा उजळला, आवाज स्वच्छ.

“तारेपासून निघायचं आणि स्पीकरपर्यंत जायचं, सर. मधेच उडी मारली की रात्र जाते.” हे तो मला शिकवत नव्हता. शेजारी बसलेल्या चुलतभावाला सांगत होता, जो पुढच्या वर्षी स्वतःची पार्टी काढणार आहे.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्या घेते. भोंगा खालच्या सुरात असतो तो त्यामुळे. अडाप्टर हलका असला, की एसीची डीसी करताना उरलेली लहर १०० फेऱ्यांची, जरा खरखरीत ऐकू येते. मिक्सर एका बोर्डावर, प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर आणि मधे गिटारची वायर, असं वर्तुळ झालं की तिसऱ्याच वाटेने भोंगा शिरतो. पॉवर बँक या कशालाच जोडलेली नसते, म्हणून ती शांत. तिची एक खोड मात्र आहे. काही पॉवर बँका ओढ कमी दिसली की मोबाइल भरला असं समजून आपोआप बंद पडतात, म्हणून घरी तासभर चालवून पाहिल्याशिवाय ती मांडवात आणत नाहीत.

थोड्या वेळाने आतून धवलेरीचं गाणं सुरू झालं. वारली लग्न लावते ती हीच बाई, तिच्या गाण्यानेच विधी पुढे सरकतात. बेंजोवाल्याने पायबटण दाबलं आणि आवाज तिथल्या तिथे तुटला. मी विचारलं, इकोची शेपूट कुठे गेली? पेटी मोकळी केल्यावर मागचा इको विरत जाऊ द्यायचा की लगेच कापायचा, ते आतल्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. वाद्य संपताना शेपूट राहिलेली गोड लागते, हे तोही म्हणाला. पण धवलेरीच्या पहिल्या शब्दावर आपला इको पडलेला त्याला चालत नाही.

जपानहून आलेली दोन यंत्रं

बेंजो म्हणतात ते वाद्य अमेरिकन बँजो नव्हे. ते बुलबुलतरंग. लाकडी खोक्यावर ताणलेल्या तारा, त्यांच्यावर टंकयंत्रासारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने पट्टीने छेडायचं. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. नागोयात १९१२ साली मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ बनवलं, त्याचंच हे रूप. बलुचिस्तानात तेच ‘बेंजू’ झालं, मुंबईच्या गिरणगावात आणि कोकणात ‘बेंजो’. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीत, पालखीपुढे ते वाजू लागलं आणि तारांखाली चुंबकाचा पिकअप बसल्यावर ढोल-ताशाच्या तोडीस तोड उभं राहिलं.

प्रोसेसरही जपानचाच. स्टुडिओतला डिजिटल डिले १९७१ पासून होता, पण फार महागडा. रोलंडच्या बॉस शाखेने १९८३ साली डीडी-२ काढला आणि तो पायाखालच्या डबीत आला. नव्वदच्या दशकात झूमने ५०५ सारख्या पेट्या स्वस्तात आणल्या. एकाच डबीत डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब, सगळं. मुंबईतल्या बेंजो पार्ट्यांनी त्या उचलल्या, आणि एका पार्टीने दुसरीला विकलेल्या पेट्या मग वाडा, विक्रमगडमार्गे वर घाटात आल्या. जव्हारमध्ये मला दाखवलेल्या एका जुन्या ५०५ चे पायबटण झिजून गुळगुळीत झालं होतं. अजून चालू आहे.

कंपनीचे टोन इथे का चालत नाहीत

पेटी नवी घेतली की आत कंपनीने भरलेले पन्नासेक टोन असतात. ते ऐकून पोरं खूष होतात आणि पहिल्याच सुपारीत तोंडघशी पडतात. घरी हेडफोनवर डोंगर हलवणारा टोन स्पीकरवर माशी घोंगावल्यासारखा येतो.

गिटारवाला आपली पेटी गिटारच्या अॅम्प्लिफायरला जोडतो, हे यामागचं कारण. त्या अॅम्प्लिफायरचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही. डिस्टॉर्शनमधली चरचर तिथेच गळून पडते. इथे मात्र सगळं मिक्सरमधून थेट सिस्टीमला जातं आणि ‘टॉप’ म्हणजे वरच्या स्पीकरमधले हॉर्न ती चरचर जशीच्या तशी, वर आणखी धारदार करून, फेकतात. त्यासाठी पेटीत ‘कॅबिनेट’ची नक्कल असते. ती चालू केली की आवाज गोल होतो. पुष्कळ टोनमध्ये ती आधीच असते, पण ‘जोरात येत नाही’ म्हणून पोरं ती काढून टाकतात. माझ्या मते या एका सेटिंगवर इथल्या निम्म्या तक्रारी मिटतील.

दुसरी गोष्ट ड्राइव्हची, म्हणजे डिस्टॉर्शनच्या जोराची. बेंजोवर एका सुराच्या दोन तारा शेजारी शेजारी असतात. साध्या आवाजात त्या केसभर इकडेतिकडे असल्या तरी कान माफ करतो. ड्राइव्ह टाकला की तो फरक लाटांसारखा ‘वाँव वाँव’ करत वर येतो. मोखाड्याचा बेंजोवाला म्हणूनच आधी तारा मिळवतो, मग ड्राइव्ह जवळजवळ तळाशी ठेवतो आणि जोर काढतो कॉम्प्रेसरमधून. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मंद होत जाणाऱ्याला उचलून धरतो. छेडलेली तार क्षणात विझते, ती त्यामुळे लांबते.

तिसरा डिले, म्हणजे यांच्या भाषेत इको. पुस्तकात तो मिलिसेकंदांत असतो. मिनिटाला १२० ठोक्यांची चाल असेल तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद, अर्ध्याला २५०. साठ हजाराला ठोक्यांनी भागायचं, एवढंच गणित. इथे कुणी भागाकार करत बसत नाही. नाचणाऱ्यांची पावलं बघून टॅपचं बटण त्या तालात दाबतात आणि पेटी आकडा स्वतः काढते. गंमत पुढे आहे. नाच चढला की पावलं जलद होतात, पॅडवाला त्यांच्यामागे जातो, आणि डिले जुन्याच आकड्यावर राहतो. मग प्रत्येक सूर उशिरा परततो आणि सगळं चिखल होतं. म्हणून या पार्टीत ठरलेलं आहे की चाल वाढवायच्या आधी पॅडवाला मान वर करून बघणार, आणि बेंजोवाला डाव्या पायाने नवा ठोका देणार.

रिव्हर्ब ते जवळपास वापरतच नाहीत, याचं मला आधी नवल वाटलं. नंतर उलगडा झाला. सभागृहात भिंती आवाज परत देतात, उघड्या अंगणात देत नाहीत, म्हणून तिथे यंत्राने थोडा घुमारा घालावा असं कुणालाही वाटेल. पण हा मुलूख डोंगरांचा. समोरचा कडा १७० मीटरवर असला तर आवाज जाऊन यायला जवळपास एक सेकंद लागतो. सूर्यमाळच्या बाजूच्या काही पाड्यांवर तो स्पष्ट परत येतो. “इथे डोंगरच इको मारतो,” असं ढोलकीवाला म्हणाला, तेव्हा त्या पाड्यांवर डिलेसुद्धा अर्धा करावा लागतो असं सांगत बाकीच्यांनी दुजोरा दिला.

नॉइज गेटही जपून. दोन सुरांच्या मधली सळसळ तो बंद करतो, पण उंबरठा फार वर ठेवला तर हळू वाजवलेला सूरही दारातच अडतो. हळदीत बायका संथ गाणं म्हणतात आणि बेंजो त्यांच्यामागे हलका चालतो, तेव्हा सूर अर्ध्यात कापला जाताना मी ऐकला. बेंजोवाल्याने वाजवता वाजवता वाकून तो उंबरठा खाली आणला. थोडी सळसळ राहिली, पण सूर पूर्ण झाला.

पिन, अडाप्टर आणि पाऊस

जव्हारच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. मालक चाळिशीचा, टेबलावर सोल्डरिंग आयर्न कायम गरम. प्रोसेसर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा नाही, पण लग्नसराईत आठवड्याला एखादी पेटी येतेच. न उघडताच बऱ्या होणाऱ्या पेट्याच जास्त, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या खणात अडाप्टरांचा गुंता आहे. झूम आणि बॉसच्या बहुतेक पेट्यांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि अडाप्टरच्या नळीत आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायफायचा अडाप्टर सहसा बारा व्होल्टचा आणि बरोबर उलटा, आत धन. पिन मात्र अगदी फिट बसते. मूळ अडाप्टर हरवला की घरातला तोच लावला जातो. पेटीचं नशीब चांगलं असेल तर आतला संरक्षक डायोड जळून पेटी वाचते. दुकानदार प्रत्येक पेटीच्या भोकाशेजारी पांढऱ्या रंगाने ‘९ व्हो. आत ऋण’ लिहून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

दुसरा रोग पिनांचा. मोठ्या पिनेला इथे सगळे ‘पी-३८’ म्हणतात. स्वस्त पिनेच्या आत वायरची जाळी नुसती गुंडाळलेली असते. रात्रभर पायाखाली आली की सुटते आणि आवाज कर्रकर्र करत जातो-येतो. दुकानदार वायर टोकापासून टोकापर्यंत हळूहळू वाकवत जातो, कर्र झालं तिथे खूण करतो, कापतो, पुन्हा डाग देतो. मिक्सर लांब असला की आणखी एक अडचण. बेंजोचा नाजूक सिग्नल सहा-सात मीटरच्या पुढे साध्या वायरने नेला की वरचा भाग झिजतो आणि वाटेत भोंगा चिकटतो. त्यावर डीआय बॉक्स हा इलाज. पेटीजवळ तो ठेवायचा आणि पुढे माइकच्या तीन पिनी वायरने जायचं. ज्या पार्ट्यांनी तो घेतलाय त्या परत मागे गेलेल्या नाहीत.

संगणकाला जोडून पेटीत नवे टोन भरता येतात, भरलेले जपून ठेवता येतात. जव्हारात पोरं त्यासाठी ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. संगणक पेटीला ओळखतच नाही, ही तिथली नेहमीची तक्रार. दोष बहुधा वायरचा असतो. मोबाइल चार्जिंगच्या बऱ्याच वायरींत नुसती वीज जाते, माहितीच्या तारा आत घातलेल्याच नसतात. पेटीचं आतलं सॉफ्टवेअर बदलताना वीज गेली तर मात्र पेटी पुन्हा उठेल याचा भरवसा नाही. जिथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही तिथे हे काम लॅपटॉपची बॅटरी भरून आणि पेटीत नवे सेल घालूनच करावं. आणि काही मॉडेलांत बदल आपोआप जतन होतात. मांडवातल्या कुणा लहानग्याने खुंटा फिरवला की महिनाभर घडवलेला टोन गेला. ते ‘ऑटो सेव्ह’ बंद करायला दुकानदार प्रत्येकाला सांगतो.

जून उजाडला की पेट्या विसावतात. जव्हारला चार महिने धुकं घरात येतं, भिंतींना ओल धरते. सेल आत राहिले तर गळून पत्रे खातात. पेडलच्या आतल्या पट्टीवर ओल आणि लाल धूळ बसून ते वरखाली करताना खरखरतं. सेल काढून, पेटी फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसह ठेवणारे बेंजोवाले मला भेटले. साफसफाईला तेलकट फवारा मारू नये. कोरडं होणारं आयसोप्रोपिल घ्यावं.

एका गोष्टीबद्दल मला मोठ्याने बोलायचंय. भोंगा घालवायला बोर्डातली अर्थची तिसरी पिन काढून टाकणं हा उपाय सर्रास केला जातो. भोंगा खरंच जातो. आणि मग मिक्सरच्या पत्र्यात कधी वीज उतरली तर तिला जमिनीत जायला एकच वाट उरते, तार धरलेला वाजवणारा. त्याचे पाय गणपतीच्या पावसात ओल्या अंगणात असतात. भोंग्यावर डीआय बॉक्स आहे, एकाच बोर्डावरून सगळी वीज घेणं आहे, पॉवर बँक आहे. अर्थ तोडू नका. वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला एक बोर्ड प्रत्येक पार्टीने आपल्या पिशवीत ठेवायलाच हवा. एका स्पीकरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

तारप्याचा सूर

मोखाड्याच्या बेंजोवाल्याच्या पेटीत एक टोन आहे, त्याचं नाव त्याने नुसतं ‘टी’ ठेवलंय. टी म्हणजे तारपा. तो कसा बनला हे त्याने घरी ओटीवर बसून दाखवलं.

तारप्याला सुकवलेला दुधी भोपळा असतो, त्यात फुंकलेली हवा साठते. खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने लिंपलेले. एका नळीवर चाल वाजते, दुसरी तिला खालून सूर धरून ठेवते. वाजवणारा गालात हवा राखून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे आवाज तुटत नाही. बेंजोत यातलं काहीच नाही. तार छेडली की विझते, आणि खालचा सूर धरणाऱ्या तारा त्याने ड्राइव्हमध्ये गढूळ होतात म्हणून काढून टाकल्यात.

मग त्याने एक-एक गोष्ट परत आणली. न तुटणाऱ्या श्वासासाठी कॉम्प्रेसर आणि अगदी आखूड डिले, इतका आखूड की वेगळा इको ऐकूच येत नाही, सूर फक्त भरल्यासारखा होतो. खालच्या नळीसाठी पिच शिफ्टर, एक सप्तक खाली, मूळ आवाजापेक्षा बराच हलका. कर्ण्याच्या नाकातल्या आवाजासाठी इक्वलायझरमध्ये मधला भाग वर, तळ आणि शेंडा खाली. पेडल हळू दाबलं की तो मधला भाग पुढे येतो, जसा तारपावाला कर्णा वर उचलतो तेव्हा येतो. त्याने एक चाल वाजवली. तारपा म्हणून कुणी फसणार नाही, पण ओटीसमोरून जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं पाऊल त्यावर पडलं.

शेजारच्या पाड्यावरचे एक ज्येष्ठ तारपावाले त्या दुपारी आले होते. पोरगा त्यांना बाबा म्हणतो. दोघांनी मिळून वाजवून पाहावं असं बरेच दिवस चाललं होतं आणि जुळत नव्हतं. कीबोर्ड आणि पेटीतला ट्यूनर ४४० हर्ट्झचा ‘ए’ धरून चालतात. ट्यूनर फार तर चार-पाच हर्ट्झ वर-खाली सरकतो. तारपा कुठल्या ‘ए’ला बांधलेला नसतो. बांबू जेवढा, भोपळा जेवढा, तेवढा त्याचा सूर. बाबांचा तारपा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. पोराने आधी पिच शिफ्टरने बेंजो सरकवून पाहिला. सूर जागेवर आला, पण आवाज किंचित मागे पडू लागला आणि पत्र्यासारखा झाला. पिच शिफ्टर आलेला आवाज थोडा गोळा करूनच बदलू शकतो, त्यामुळे उशीर होणारच.

शेवटी त्याने ट्यूनर बंद केला. बाबांनी एक सूर लांब धरला आणि पोराने बेंजोच्या खुंट्या कानाने त्या सुरावर आणल्या. एक तार तुटली, ती बदलली. कीबोर्डवाल्याने आपल्या यंत्रातलं बारीक ट्यूनिंग सरकवत आणून तिथे मिळवलं आणि तो आकडा वहीत लिहिला. तारपा उन्हाने आणि ओलीने बदलतो, तेव्हा हा आकडा दर वेळी नवा असणार. भात कापून झालं की पाड्यावर नाच धरायचा आणि त्यात दोन्ही वाजवायची, असं ठरलंय. आधी बाबा तारपा वाजवून तापवणार, मग बेंजो त्याला मिळवायचा, मग कीबोर्ड. मिक्सर सगळ्यात शेवटी लावायचा.